दोन कालवे

‘कालवे’ हा शब्द ऐकताच खानदेशातील मुलाच्या डोळ्यांपुढे गिरणेचे किंवा पांझरेचे पाणी शेतात नेणारे पाट उभे राहतात. कापसाची व केळीची शेते, त्यांच्या कडेने संथ वाहणारे गढूळ पाणी आणि आपली पाळी केव्हा येते याची वाट पाहत बांधावर बसलेला शेतकरी, हे सारे त्या एका शब्दात सामावलेले असते. तोच शब्द रत्नागिरीच्या खाडीकाठी राहणाऱ्या मुलाच्या कानी पडला, तर त्याला खडकाला घट्ट चिकटलेले, ओबडधोबड कवचाचे प्राणी आठवतात. पाण्याचा तो कालवा आणि प्राण्याचे ते कालव. एकवचनात दोघांचे लिंगही निराळे. अनेकवचनात मात्र दोघांचे रूप एकच होते.

हा केवळ भाषेतील योगायोग आहे. परंतु या दोन कालव्यांचा संबंध शब्दापुरताच नाही. माणसाने खोदलेल्या कालव्यातून, गटारातून व नाल्यातून जे वाहत जाते, ते शेवटी नदीत, खाडीत आणि समुद्रात पोहोचते. आणि तेथे स्थिर बसलेल्या त्या दुसऱ्या कालवाला तेच प्यावे लागते.

कोकणच्या किनाऱ्यावर कालवांचे बरेच भाऊबंद नांदतात. तिसऱ्या चिखलमिश्रित वाळूत स्वतःला पुरून घेतात. शिनाणे चिवट धाग्यांनी खडकाला बांधून घेतात. कालव तर आपली एक शिंपच दगडाला सांधून टाकते आणि आयुष्यभर तेथून हलत नाही. रत्नागिरीजवळच्या काळबादेवी, शिरगाव व भाट्ये येथील खाड्यांत तिसऱ्या पुष्कळ सापडतात. त्या वेचण्याचे काम मुख्यतः स्त्रिया करतात. या धंद्याला होडी लागत नाही आणि जाळेही लागत नाही. ओहोटीचे दोन-तीन तास, पाठीवर ऊन, गुडघाभर चिखल आणि हाताशी एखादे लोखंडी अवजार, एवढ्या सामग्रीवर तो चालतो. भरतीचे पाणी चढू लागले की टोपली उचलून बाजाराची वाट धरावी लागते. त्या टोपलीच्या विक्रीवर कित्येक घरांची चूल पेटते.

खानदेशाला समुद्र नाही. पण शिंपले आहेत. तापी, गिरणा, वाघूर या नद्यांच्या तळाशी, जेथे पाणी संथ असते आणि गाळ मऊ असतो, तेथे गोड्या पाण्याचे शिंपले राहतात. उन्हाळ्यात पात्र आटले की त्यांची रिकामी कवचे वाळूत चकाकू लागतात. खेड्यापाड्यांतील मुले असा शिंपला दगडावर घासून त्याला मधोमध भोक पाडतात आणि त्या धारेने कैरी सोलतात. चाकूने बोट कापण्याची भीती असते. शिंपल्याची सोलणी मात्र लहान भावंडाच्या हातीही निर्धास्तपणे देता येते. परंतु कैरी सोलणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांनी जिवंत शिंपला खाताना पाहिलेला असतो, आणि पाहण्याजोगी गोष्ट तर तीच आहे.

जिवंत शिंपला पाण्यात आपल्या दोन शिंपा किंचित उघडतो. त्या फटीत दोन वाटा असतात. एका वाटेने पाणी आत येते व दुसरीने बाहेर पडते. मध्ये पडद्यासारखे नाजूक कल्ले असतात. त्यांवरील अतिसूक्ष्म केस अखंड हलत राहतात आणि पाण्याचा प्रवाह चालू ठेवतात. पाण्यातील प्राणवायू हे कल्ले शोषून घेतात आणि पाण्याबरोबर आलेले बारीक शैवाल व इतर कण अडवून तोंडाकडे लोटतात. श्वास आणि घास या दोन्ही गोष्टी प्राण्याला एकाच पाण्यातून मिळतात. हिरवट, गढूळ पाण्याची दोन भांडी घेऊन एकात काही जिवंत शिंपले ठेवले, तर काही तासांतच त्या भांड्यातील पाणी निवळलेले दिसते. दुसरे मात्र तसेच गढूळ राहते. एक मोठा शिंपला दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी गाळतो. नदीच्या तळाशी असे हजारो शिंपले असतील, तर ते केवढे काम करीत असतील याची कल्पना करावी. त्यांना कोणी वेतन देत नाही आणि त्यांचे यंत्र कधी बंद पडत नाही.

मात्र या गाळणीला माणसाचे हित-अहित कळत नाही. पाण्यात विषमज्वराचे जंतू असतील, तर तेही कल्ल्यांत अडकतात. पाण्यात पारा, शिसे किंवा कॅडमियम असेल, तर ते मांसात साचत जाते. घोटभर पाण्यात जे नगण्य असते, ते शेकडो लिटर पाणी गाळणाऱ्या या इवल्याशा देहात एकत्र येते. मासा निदान पळून जाऊ शकतो. पाणी बिघडले की तो प्रवाहाच्या वरच्या अंगाला जातो किंवा एखाद्या स्वच्छ डोहाचा आश्रय घेतो. कालवाला पाय नाहीत आणि पंखही नाहीत. आणखी एक गोष्ट अशी की, माणसाला आजारी पाडणारे जंतू कालवाला सहसा काहीच अपाय करीत नाहीत. ते टवटवीत दिसते, त्याला दुर्गंधी येत नाही, त्याची चवही बदलत नाही. विकणाऱ्या बाईला ते कळत नाही आणि विकत घेणाऱ्यालाही कळत नाही.

याचा अनुभव इंग्लंडने फार कडू रीतीने घेतला. दिनांक १० नोव्हेंबर १९०२ रोजी विंचेस्टर व साउदॅम्प्टन या दोन शहरांत महापौरांच्या मेजवान्या झाल्या. दोन्ही ठिकाणी ताटांत कच्ची कालवे वाढलेली होती. त्या देशात ती कच्चीच खाण्याची चाल आहे. काही दिवस गेले आणि पाहुण्यांपैकी अनेकांना ताप येऊ लागला. तो विषमज्वर होता. चौघे दगावले, त्यांत विंचेस्टरच्या मोठ्या चर्चचे प्रमुख धर्माधिकारीही होते. दोन मेजवान्या, दोन शहरे, स्वयंपाकी निराळे, पाहुणे निराळे. मग रोग एकच कसा? सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी शोध घेतला, तेव्हा दोन्ही ठिकाणची कालवे एम्सवर्थ नावाच्या एकाच लहान बंदरातून आली होती असे आढळले. आणि एम्सवर्थ येथे गावाच्या गटारांचे तोंड कालवांच्या वाफ्यांजवळच उघडत होते!

गटारे बांधणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. गाव स्वच्छ राहावे, घराघरांतील घाण रस्त्यावर साचू नये, म्हणूनच तेथील स्थानिक संस्थेने ती बांधली होती. गाव स्वच्छ झाले. घाण मात्र नाहीशी झाली नाही, ती फक्त दृष्टीआड गेली. एम्सवर्थच्या कालवांची विक्री बंद पडली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला धंदा बुडाला. तेथील एका कालव-व्यापाऱ्याने त्या संस्थेवर दावा लावला. गावाची सोय म्हणून दुसऱ्याच्या वाफ्यात घाण सोडण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला, असा त्याचा प्रश्न होता. १९०६ साली वरिष्ठ न्यायालयाने व्यापाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. पण तोवर बंदराची कीर्ती गेली होती, आणि मेलेली माणसे तर परत येणार नव्हतीच.

अमेरिकेत १९२४-२५ च्या हिवाळ्यात असाच प्रसंग ओढवला. न्यूयॉर्क, शिकागो, वॉशिंग्टन अशा एकमेकांपासून दूर असलेल्या शहरांत विषमज्वराची साथ उठली. सुमारे दीड हजार लोक आजारी पडले व दीडशे मृत्युमुखी पडले. दोष पुन्हा दूषित पाण्यातील कालवांकडे आला. लोक इतके धास्तावले की, स्वच्छ खाडीतली कालवेही कोणी घेईना. तेव्हा व्यापारी स्वतः होऊन सरकारकडे गेले आणि नियम घाला असे म्हणू लागले. व्यापारी नियमांची मागणी करीत आहेत, हे दृश्य जगात विरळाच पाहावयास मिळते! १९२५ सालापासून तेथे मध्यवर्ती सरकार, निरनिराळी राज्ये व व्यापारी यांनी मिळून एक व्यवस्था सुरू केली, आणि ती आजही चालू आहे.

ही व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. तीत कालव तपासण्यापूर्वी पाणी तपासतात, आणि पाणी तपासण्यापूर्वी किनारा तपासतात. अधिकारी खाडीचा काठ पायी फिरतात व कोठे कोणते गटार पडते, कोठे गुरांचा गोठा आहे, कोठे वस्ती आहे, हे नकाशावर टिपतात. मग ठरावीक जागांचे पाणी पुन्हा पुन्हा बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवतात. प्रयोगशाळेत प्रत्यक्ष विषमज्वराचा जंतू शोधीत बसत नाहीत. तो क्वचितच हाती लागतो. त्याऐवजी माणसांच्या व जनावरांच्या आतड्यांत नेहमी राहणारे साधे जंतू मोजतात. ते सापडले, तर पाण्यात विष्ठा मिसळली आहे हे सिद्ध होते. आणि जेथे विष्ठा पोहोचली, तेथे एखाद्या दिवशी रोगही पोहोचेल. शंभर मिलिलिटर पाण्यात असे जंतू साधारणपणे १४ पेक्षा अधिक नसतील, तरच ती खाडी खुली ठेवतात. युरोपात पाण्याऐवजी प्राण्याचे मांस तपासतात. थेट बाजारात जाणाऱ्या मालात १०० ग्रॅमला २३० जंतूंची मर्यादा पाळतात. काही खाड्या एरवी खुल्या असतात, पण मोठा पाऊस पडला की काही दिवस बंद ठेवतात, कारण पहिल्या लोंढ्याबरोबर काठावरची सारी घाण पाण्यात उतरते. पावसाळ्यातील पहिल्या पुराचे पाणी ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या नियमाचे कारण वेगळे सांगावयास नको.

थोडी दूषित झालेली कालवे स्वच्छ पाण्याच्या टाकीत सुमारे दोन दिवस जिवंत ठेवली, तर ती आपल्या देहातील बहुतेक जंतू आपोआप बाहेर टाकतात. शिजवल्यानेही जंतू मरतात. कोकणात तिसऱ्या उकडून व शिजवून खातात, ही फार शहाणपणाची चाल आहे. परंतु धातूंचे विष टाकीत दोन दिवस ठेवून जात नाही आणि कितीही उकळले तरी नाहीसे होत नाही.

जपानमधील मिनामाता या गावाची कथा या विषाची आहे. तेथील उपसागराच्या काठी कोळ्यांची वस्ती होती, आणि मासे व शिंपले हेच त्यांचे रोजचे अन्न होते. प्रथम मांजरांची चाल बिघडली. ती वेड्यावाकड्या उड्या मारीत व तडफडून मरत. मग माणसांचे हातपाय थरथरू लागले, दृष्टी अधू झाली, बोलणे अडखळू लागले. १९५६ साली या रोगाची सरकारी नोंद झाली. १९५९ साली विद्यापीठातील संशोधकांनी सांगितले की, याचे कारण एका रासायनिक कारखान्यातून उपसागरात जाणारा पारा हे आहे. असे असूनही तो पारा १९६८ पर्यंत पाण्यात जातच राहिला, आणि रोगाचे कारण सरकारने मान्य केले तेही १९६८ मध्येच. कारण कळल्यापासून कृती होईपर्यंत नऊ वर्षे गेली. त्या नऊ वर्षांत ज्या मातांनी ते मासे व शिंपले खाल्ले, त्यांच्यापैकी काहींची मुले जन्मतःच हा रोग घेऊन आली.

या सर्व कथांत एक गोष्ट समान आहे. घाण सोडणारा एका ठिकाणी असतो आणि ती भोगणारा दुसऱ्या ठिकाणी. दोघांची गाठ कधी पडत नाही. खाडीतील बाई गटाराचे तोंड बंद करू शकत नाही, आणि वरच्या गावातील माणसाला ती बाई ठाऊकही नसते. म्हणून या दोघांच्या मध्ये उभे राहील असे कोणी तरी लागते. ते काम राज्यसंस्थेचे आहे.

महाराष्ट्राने या बाबतीत देशाच्या अगोदर पाऊल टाकले. जलप्रदूषणास प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा १९६९ साली झाला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळ स्थापन झाले. देशाच्या संसदेने असा कायदा १९७४ साली केला. महाराष्ट्राने तो १९८१ साली स्वीकारला. या कायद्यातील एक व्याख्या लक्षात ठेवण्यासारखी आहे. तेथे ‘प्रवाह’ या शब्दात नदी, ओढा, तळे, जमिनीखालचे पाणी, इतकेच नव्हे तर समुद्राचे व भरती-ओहोटीचे पाणीही धरले आहे. डोंगरातील झऱ्यापासून खाडीच्या मुखापर्यंत पाणी एकच आहे, हे नदीला पूर्वीपासून ठाऊक होते. आता ते कायद्यालाही ठाऊक झाले. विषारी द्रव्य जाणूनबुजून प्रवाहात सोडण्यास या कायद्याने मनाई आहे, आणि कारखान्याला किंवा नगराला आपले सांडपाणी प्रवाहात सोडण्यापूर्वी मंडळाची संमती घ्यावी लागते.

पुढे १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा कायदा आला आणि १९ फेब्रुवारी १९९१ रोजी समुद्रकिनाऱ्याच्या पट्ट्यासाठी वेगळे नियम निघाले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने किनाऱ्यालगतच्या पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग पाडले आहेत. त्यांतील पहिल्या, म्हणजे सर्वांत शुद्ध पाण्याच्या वर्गात मिठागरे, मत्स्यसंवर्धन व नाजूक निसर्गप्रदेश यांच्याबरोबर शिंपले-कालवे वेचण्याच्या जागा घातल्या आहेत. या पाण्यात लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असावा, सांडपाण्याचा गाळ मुळीच नसावा आणि पारा, शिसे व कॅडमियम यांची मर्यादा प्रत्येकी ०.०१ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असा दंडक आहे. माणसाने समुद्रात स्नान करण्याचे पाणी दुसऱ्या वर्गात येते. कालवांचे पाणी माणसाच्या स्नानाच्या पाण्याहूनही वरच्या प्रतीचे असावे, हे प्रथमदर्शनी नवल वाटेल; परंतु स्नानाचे पाणी अंगावरून निथळून जाते, आणि कालवाचे पाणी ताटात येते.

आता पुन्हा खानदेशाकडे वळावे. तापी नदी मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहत सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. वाटेत बऱ्हाणपूर ओलांडून ती जळगाव जिल्ह्यात शिरते. चांगदेव येथे पूर्णा तिला भेटते. पुढे वाघूर, गिरणा, बोरी येतात. धुळे जिल्ह्यात मुडावद येथे पांझरा मिळते. या नद्यांच्या खोऱ्यांत अनेक गजबजलेली शहरे आहेत. चाळीसगाव, अमळनेर, भुसावळ, धुळे ही नावे घेतली तरी पुरे. या शहरांचे सांडपाणी उताराच्या दिशेने जाते, आणि खानदेशात बहुतेक उतार शेवटी तापीकडे आहेत.

हे पाणी तसेच समुद्रातल्या कालवांपर्यंत जाते, असे म्हणणे मात्र बरोबर होणार नाही. १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणाचा विस्तीर्ण जलाशय वाटेत आहे. तेथे पाणी थांबते, गाळ खाली बसतो. शिवाय वाहत्या नदीला स्वतःची घाण पचवण्याची शक्तीही असते. पाण्यातील सूक्ष्म जीव घाणीचे विघटन करतात, आणि त्यासाठी लागणारा प्राणवायू खळाळणारे पाणी हवेतून घेत राहते. पण या शक्तीला मर्यादा आहे. नदीत पाणी थोडे आणि सांडपाणी फार झाले, की जीव घाण खाता खाता सारा प्राणवायू संपवून टाकतात. वैशाखात पांझरेच्या किंवा गिरणेच्या पात्रात स्वतःचे पाणी उरत नाही, त्या वेळी असेच घडते. आणि याचा पहिला फटका समुद्रातील कालवांना न बसता येथीलच, तळाच्या गाळात बसलेल्या शिंपल्यांना बसतो.

नदीची ही भूक मोजण्याची रीत सोपी आहे. नदीचे पाणी बाटलीत काठोकाठ भरतात, बूच घट्ट बसवतात आणि ती बाटली २७ अंश उष्णतामानात तीन दिवस अंधारात ठेवतात. आरंभी प्राणवायू किती होता व तीन दिवसांनी किती उरला, हे पाहतात. घाण जितकी अधिक, तितका प्राणवायू अधिक खर्च होतो. लिटरमागे हा खर्च ३ मिलिग्रॅमपर्यंत असेल, तर नदीचे बरे चालले आहे असे समजतात. त्याहून अधिक असेल तर तो पट्टा दूषित ठरतो, आणि ३० च्या वर गेला तर सर्वांत वाईट श्रेणीत जातो.

या मोजणीवरून केंद्रीय मंडळाने २०१८ साली देशभरातील ३५१ नदी-पट्टे दूषित ठरवले. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील होते. ही संख्या कोणत्याही दुसऱ्या राज्यापेक्षा अधिक होती. त्या यादीत तापी, गिरणा, पांझरा, वाघूर व बोरी ही नावे होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने प्रत्येक राज्याला बजावले की, समिती नेमा आणि या पट्ट्यांसाठी कृतीचा आराखडा तयार करा. अशा आराखड्यात कोणत्या शहरातून रोज किती सांडपाणी निघते, त्यांतील किती शुद्ध होते आणि उरलेल्यासाठी यंत्रणा केव्हा उभी राहील, हे लिहावे लागते. २०२२ साली पुन्हा गणना झाली. देशातील दूषित पट्टे ३५१ वरून ३११ वर आले. महाराष्ट्रातील मात्र ५३ चे ५५ झाले. कायदा अगोदर करणे आणि नदी अगोदर स्वच्छ करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे या आकड्यांवरून दिसते.

खानदेशाला पाण्याची पहारेदारी नवी नाही. पांझरेच्या काठी शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आली आहे. नदीवर लहान बंधारे, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि त्या पाटाखालच्या जमिनीचे पाडलेले फड, अशी तिची रचना असते. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. पाणी कोणाला केव्हा द्यावयाचे ते पाटकरी ठरवणार, पिकावर जागल्या नजर ठेवणार, आणि बंधारा फुटला तर दुरुस्तीला सर्वांनी धावावयाचे. पाटाच्या शेवटच्या टोकाला ज्याचे शेत आहे, त्यालाही त्याचा वाटा मिळाला पाहिजे, हे या पद्धतीचे मर्म आहे. वरच्याने खालच्याचे पाणी तोडू नये, एवढाच नियम त्या काळी पुरेसा होता. वरच्याने खालच्याचे पाणी नासवू नये, हा नियम करण्याची वेळ तेव्हा आलेली नव्हती.

आज तो नियम आहे. पण तो शिंपल्याला नावाने ओळखत नाही. किनाऱ्याच्या पाण्याचे वर्ग पाडताना कालव-शिंपल्यांचा उल्लेख झाला. नद्यांच्या पाण्याचे वर्ग पाडताना मात्र वन्य जीव व मासे यांच्यासाठी एक वर्ग ठेवला गेला. त्यात लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असावा असे ठरले, आणि शिंपला त्यातच कोठे तरी गृहीत धरला गेला. माशाच्या पदराआड त्याला आसरा मिळाला आहे, असे म्हणता येईल.

आणि निसर्गातही तसेच आहे. गोड्या पाण्यातील शिंपल्याची मादी आपली अंडी कल्ल्यांत सांभाळते. त्यांतून निघालेली डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्ले ती पाण्यात सोडून देते. पिल्लांना पोहता येत नाही. जवळून जाणाऱ्या माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटून ती काही दिवस त्याच्याबरोबर प्रवास करतात आणि मग योग्य जागी तळाशी उतरतात. जन्मभर एका जागी राहणाऱ्या या प्राण्याचा हा एकच प्रवास, आणि तोही दुसऱ्याच्या पाठीवरून!

म्हणून नदीची पाहणी करणारे लोक शिंपला सापडला एवढ्यावर समाधान मानीत नाहीत. तो केवढा आहे, हे ते पाहतात. काही जातींचे शिंपले पुष्कळ वर्षे जगतात. त्यामुळे पाणी बिघडून मासे निघून गेले, तरी मोठे शिंपले तळाशी काही काळ तग धरून राहतात. वरवर पाहणाऱ्याला सर्व ठीक दिसते. पण गाळात हात घालून कितीही चाचपले, तरी बोटाच्या पेराएवढा लहान शिंपला काही हाती लागत नाही.